चर्चच्या जोत्यावर हेलिकॉप्टर

हल्ली मी ओसाकाला लेकीकडे राहतो. इथली आयटीवाली पोरं विचारतात, "काका, जपानला पहिल्यांदाच आलात का?" पहिल्यांदा कुठलं! पहिल्यांदा आलो तो रायफल घेऊन, क्यूशूच्या डोंगरात, जपानी सेनेबरोबरच्या संयुक्त सरावाला. मी प्लाटूनचा सुभेदार होतो.

आमच्या हद्दीत जुन्या चर्चचे अवशेष होते. चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्मावर बंदी आली तेव्हा ते पाडलं गेलं. उरलं ते दगडी जोतं आणि भोवतीची थडगी. थडगी म्हणजे जमिनीवर रचलेले पांढरे गोटे, बस. ऑर्डर स्पष्ट होती, आत पाय ठेवायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिपाई किसन कड्यावरून घसरला. डॉक्टरसाहेबांनी पोट तपासलं. "आत रक्तस्राव होतोय. लवकर ऑपरेशन झालं नाही तर हातचा जाईल."

खालचा रस्ता दरड कोसळून बंद. हेलिकॉप्टर उतरेल अशी सपाट जागा एकच, ते जोतं. आमच्याबरोबरचे जपानी लेफ्टनंट मोरी-सान यांनी रेडिओवर परवानगी मिळवली. मग पायलटचा आवाज आला.

"दहा मिनिटांत पोचतोय. सुटे दगड हटवा. ओव्हर."

आम्ही गोटे उचलायला वाकलो, तोच मात्सुओ आजी खराटा घेऊन धावत आल्या. थडग्यांची देखभाल त्याच करायच्या. मोरी-साननी त्यांचं म्हणणं सांगितलं, "हात लावू नका म्हणतात. गोटे विस्कटले की थडगं कुठे होतं तेही कळणार नाही."

तसेच ठेवावेत तर उडून पंख्यात जाणार. इकडे किसन पांढराफटक पडत चाललेला. माझं डोकं चालेना.

"साहेब, वर झोपूया की," नाईक दत्तू म्हणाला. आजऱ्याचा गडी, कायम हसरा. "ग्राउंडशीट टाकू, वर आपण. माणूस काय उडतोय व्हय?"

"प्लाटून, लेट जाओ!"

पोरांनी आधी बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं.

हेलिकॉप्टर आलं. काय तो वारा! माती, पानं, टोप्या, सगळं आभाळात. मी अनोळखी माणसाच्या थडग्यावर पालथा, आणि शेजारून दत्तू बोंबलतोय, "साहेब, माझा पावणा हलत नाही बघा!" मला हसू आवरेना. मान वळवली तर मात्सुओ आजीही एका थडग्यावर आडव्या, वरून मोरी-साननी त्यांना धरलेलं. उभ्या नोकरीत इतका जोर मला कधी चढला नव्हता.

किसनला चढवलं, हेलिकॉप्टर वळलं. एक गोटा हलला नव्हता. आम्ही येड्यासारखे ओरडलो. संध्याकाळी रेडिओ बोलला, "पेशंट आउट ऑफ डेंजर. ओव्हर."

किसन आज दोन लेकरांचा बाप आहे. दत्तू पुढच्याच हिवाळ्यात उत्तर सीमेवर हिमकडा कोसळून गेला. मला त्याची फार आठवण येते.

गेल्या वर्षी लेकीला घेऊन तिथे गेलो. आजी थकल्यात, पण मला ओळखलं. "तो हसरा कुठाय?" तो गेला, हे लेकीने जपानीत सांगितलं. त्या थडग्यांवर कुणाचंच नाव नाही, म्हणून प्रार्थनेत त्या नुसतं "तुम्ही सगळे" म्हणतात. त्या दिवशी त्यांनी लेकीकडून एक नाव दोनदा म्हणवून घेतलं. मग गुडघे टेकले आणि म्हणाल्या, "दत्तू-सान, आणि तुम्ही सगळे."