गढीवरून आणलेला चेहरा

म्हाताऱ्याच्या पहिल्या घावात दगडी बाईचं नाक उडालं, दुसऱ्यात हनुवटी गेली. तिसऱ्याच्या आड माझी भावजय ऊर्मिला आली आणि हातोडा तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला दारातून ऐकू आला.

मागच्या मार्चमधली ही गोष्ट, कोलोनमधली. ऊर्मिला इथे जुन्या दगडी कामाच्या दुरुस्तीवर पीएच.डी. करते. माझा भाऊ प्रसन्न नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात, म्हणजे शनिवार-रविवारचा नवरा. ती होफर नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. तो तिला रविवारी जेवायला बोलवायचा, मुलीसारखं वागवायचा. मला तो कधीच आवडला नाही, पण माझं ऐकतंय कोण?

त्याच्या हॉलमधल्या फायरप्लेसवर एका बाईचा दगडी चेहरा बसवलेला होता. ऊर्मिला आदल्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या गढीवर काम करून आली आणि तिला तो चेहरा ओळखू आला. पाचशे वर्षांपूर्वीची, प्रबोधनकाळातली ती गढी. तिथल्या फायरप्लेसच्या एका बाजूला अगदी असाच चेहरा, दुसरी बाजू दुसऱ्या महायुद्धापासून रिकामी. वर्गणी काढून गढी सांभाळणाऱ्या गावकऱ्यांनी ती जागा मुद्दाम बुजवली नव्हती. चेहरा तिथे परत गेलाच पाहिजे, असं ऊर्मिलाने मनाशी पक्कं केलं.

"आधी आम्टला, सरकारी कचेरीत कळव," मी बजावलं.

"वन्सं, त्यांच्या घरचं जेवलेय मी. त्यांना न सांगता परस्पर कसं करू?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजायचेच आहेत ना? मग निदान गुपचूप तरी मोज."

बाईसाहेब मलाच सोबत घेऊन त्याला सांगायला गेल्या. तो शांतपणे ऐकत राहिला, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला, कॉफीसुद्धा दिली. आम्हाला वाटलं, पटलं याला. मी दारात बूट घालत होते, तेवढ्यात तो तळघरातून हातोडा घेऊन आला.

मनगट मोडल्यावर ऊर्मिलाने डाव्या हाताने हातोडा हिसकावला, त्याला खुर्चीत लोटलं आणि त्याच्या डोक्यावर उगारला. एरवी मुंगी पायाखाली आली तरी हळहळणारी ही मुलगी. मी मागून तिला मिठी मारली. तिच्या कोपराने माझा ओठ फुटला, पण मी सोडलं नाही. हातोडा खुर्चीच्या हातावर आदळला आणि लाकडाच्या ढलप्या उडाल्या.

म्हातारा रडायला लागला. "गढीची राखण करणारी बाई तो दगड काढू देईना," तो म्हणाला. "युद्धात सैनिक असलेल्या माझ्या बापाने तिला बंदुकीच्या दस्त्याने ठेचून मारलं. दर ख्रिसमसला जेवताना हसत सांगायचा. हे जगाला कळण्यापेक्षा दगडच नसलेला बरा."

"आणि मी?" ऊर्मिलाने विचारलं.

त्याने तिच्या लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं. पोलीस त्याला घेऊन गेले. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

हात जुळल्यावर ऊर्मिलाने एकेक तुकडा जोडून चेहरा उभा केला. या शरद ऋतूत तो गढीवर परत बसला. सगळं गाव जमलं होतं. ऊर्मिलाने भेगा चुना आणि दगडाच्या भुकटीने अशा भराव्यात की मोडल्याचं कुणाला कळू नये, असं सरपंचबाईंनी सुचवलं. ते काम ऊर्मिलाच्या हातचा मळ.

"नको," ती म्हणाली. "गढी राखणाऱ्या त्या बाईला मारलं, त्याची खूण कुठेच नाही. इथे दिसू दे."