फ्लेक्स लागणार नाही

नांदेडात चित्रांचं दालन काढते म्हटल्यावर लोक हसले, आणि त्यात एसी बसवणार नाही म्हटल्यावर माझी काळजी करायला लागले. इथं उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं हे मलाही माहीत आहे, मी इथलीच आहे. पण जिनिंगचं जे जुनं गोदाम मी भाड्यानं घेतलं, ते कापूस तापू नये म्हणून बांधलेलं होतं. भिंती हातभर जाड, वर कौलं, कौलांखाली वाऱ्याला झरोके. कापसाला जे चाललं ते माणसांना का चालू नये? मी भिंतींना चुना दिला, दारात वाळ्याचे पडदे सोडले आणि दिवस मावळला की कुलूप लावायचं ठरवलं. चित्रं दिवसाच्या उजेडात बघायची. ज्यांना जमत नाही त्यांनी मॉलमध्ये जावं.

शाळेत बरीच वर्षं चित्रकला शिकवल्यामुळे मला नियम करायची खोड आहे. थर्मोकोल नाही. बाटलीतलं पाणी नाही, कोपऱ्यात रांजण आहे. चित्रं बारदानात आणि जुन्या लुगड्यांत बांधून येतात आणि तशीच परत जातात. चौकटी पाडलेल्या घरांच्या दारांपासून केलेल्या. चित्राखालची चिठ्ठी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी हातानं लिहिते. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे फ्लेक्स नाही. आमच्याकडे बारशापासून तेराव्यापर्यंत फ्लेक्स लागतो, वारा आला की फाटतो, मग नालीत जाऊन बसतो आणि पावसाळ्यात नाली घरात येते. माझ्या दारावर लागणार नाही म्हणजे नाही. एका पुढाऱ्याच्या माणसांनी वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी माझी दर्शनी भिंत मागितली होती, त्यांना मी रांजणातलं पाणी पाजून परत पाठवलं. त्यानंतर महिनाभर माझ्या दारात गाड्या आडव्या लागत होत्या. लागू देत म्हटलं, चालत येणाऱ्याला वाट पुरते.

अशात मला हदगावचे एक म्हातारे पेंटर सापडले. मी त्यांना मामा म्हणायची. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, पत्र्यावर, ब्रशनं. फ्लेक्स आले तशा दुकानदारांनी त्या पाट्या उतरवल्या. मामांनी मात्र त्या शोधून काढल्या. एक कोंबड्यांच्या खुराड्यावर होती, एक पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून, एक गोठ्याच्या भिंतीला ठिगळ म्हणून. ज्याच्याकडे पाटी सापडेल त्याला नवा पत्रा द्यायचा आणि आपली पाटी घरी आणायची, असं त्यांनी चाळीसेक पाट्यांचं केलं होतं. हौदाचं नवं झाकण कुणी फुकट देत असेल तर कोण नको म्हणेल! मी ते पत्रे पाहिले आणि तिथंच ठरवलं, प्रदर्शन करायचं. नवं काही बनवायचं नाही, काही फेकायचं नाही, आणि फ्लेक्सनं ज्यांचं काम खाल्लं त्यांचा मान करायचा. उद्घाटनाचं भाषणही मी मनात पाठ करून ठेवलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी एक टेम्पो दारात थांबला. त्यातून मामांचा मुलगा उतरला, पन्नाशीचा माणूस, सोबत चार-पाच नातेवाईक आणि गुंडाळलेला भलामोठा फ्लेक्स. त्याचं हदगावात फ्लेक्स छापायचंच दुकान आहे, हे मला ठाऊक होतं. पण तो आपल्याच बापाच्या प्रदर्शनाला फ्लेक्स आणेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यानं तो रस्त्यावर उलगडला. मधोमध फेटा बांधलेले मामा, वर त्यांचं नाव वीतभर जाडीच्या अक्षरात, मागं उगवता सूर्य. खाली शुभेच्छुकांची रांग, जावई, साडू, भाचे, कुणी म्हणून सुटलं नव्हतं. आणि त्या रांगेत पहिली मी! व्हॉट्सअॅपवरचा माझा फोटो काढून त्यानं मलाही शुभेच्छुक करून टाकलं होतं.

"हा लागणार नाही," मी म्हटलं.

"मॅडम, रात्र जागून छापलाय. आबाचा कार्यक्रम हाय न."

"असू दे. लागणार नाही."

नातेवाईक कुजबुजायला लागले. मामा टेम्पोच्या पुढच्या सीटवरून हळूच उतरले, पांढरा सदरा, नवी टोपी. फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. आता हेच पोराला झापतील, असं मला वाटत होतं.

"बाई, लावू द्या," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही म्हणता हे? या फ्लेक्सनंच तुमचं काम गेलं ना?"

"हाव, गेलं न. पण जल्मभर लोकायची नावं लिहिली. माझं एवढं मोठं कवाच लागलं न्हाई."

मी म्हटलं, "मग ही दालनाची अख्खी दर्शनी भिंत घ्या. गेरू आहे, चुना आहे. तुमच्या हातानं लिहा, हवं तेवढं मोठं."

त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. तो थरथरत होता, मनगटापासून बोटांपर्यंत. "लिहू ह्या हातानं? चार साल झाले. सदऱ्याच्या गुंड्याबी ह्यो पोरगाच लावून देऊन राहिला."

हदगावला मी चार-पाच वेळा गेले होते. ते चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचे, मला ती जुन्या माणसाची अदब वाटली होती. एकेका पत्र्याचा मी फोटो काढला, एकेका रंगाचं विचारलं. हाताकडे पाहिलंच नाही. मला भर रस्त्यात लाज वाटली. स्वतःचा रागही आला. पण लाज वाटली म्हणून फ्लेक्स लावायचा, हे काही मला पटेना.

"फ्लेक्स लागणार नाही," मी पुन्हा म्हटलं. "नाव लागेल. मी लिहिते, तुम्ही खालून सांगा."

शिडी आली. गेरूत डिंक कालवला. अक्षर सरळ यावं म्हणून निळीत भिजवलेली दोरी भिंतीवर ताणून झटकायची असते. मी एक टोक धरलं, आणि न सांगता मुलानं दुसरं धरलं, अंगठ्यानं बरोबर दाबून. लहानपणी बापाबरोबर त्यानं हेच केलं असणार. मी पहिलं अक्षर काढलं आणि खालून मामा ओरडले, "हे शाळेतलं अक्षर हाय बाई! रस्त्याच्या पल्याडून वाचाय पाहिजे. पोट वाढवा त्याचं!" मी ते पुसलं, पुन्हा काढलं. त्यांनी तेही पुसायला लावलं. आयुष्यभर मुलांची चित्रं तपासली, पण असं मला कुणी तपासलं नव्हतं. उद्घाटनाची वेळ टळली. पाहुणे आले, शिडीखाली ताटकळले, एक जण घड्याळ दाखवून निघून गेला. मी खाली उतरले नाही. माझ्या सगळ्या साडीवर गेरू सांडला होता आणि पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं होतं.

दुपार कलता नाव पूर्ण झालं. मामांनी मुलाला रस्त्याच्या पलीकडे खुर्ची मांडायला सांगितली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आत चाळीस पाट्या मांडल्या होत्या, लोक त्या पाहून येत होते, मामांना आत बोलावत होते. ते काही उठले नाहीत. जो जवळून जाईल त्याला थांबवून, थरथरत्या बोटानं भिंत दाखवत ते सांगायचे, "ते माझं नाव हाय."

दिवस मावळला. कुलूप लावायची वेळ झाली. मी दार उघडंच ठेवलं आणि रस्ता ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.