तीन कॉम्प्युटरांचा मालक

पेणजवळच्या जोहे गावातल्या हरेशने जन्मात एकही गणपती घडवला नव्हता, तरी आपल्या गणपतीच्या कारखान्याच्या बोर्डावर ‘मूर्तिकार हरेश’ असं त्याने स्वतःच्या फोटोसकट छापून घेतलं होतं. मूर्ती साच्यातून निघायच्या, रंग कामगार द्यायचे आणि डोळ्यांची आखणी त्याची बायको नम्रता करायची. मग हरेश काय करायचा? हरेश कॉम्प्युटर घ्यायचा. एक जोह्याच्या कारखान्यात, एक पेणच्या ऑफिसात, एक रोह्याच्या दुकानात. तिन्हींवर त्याने इंटरनेटवरून एकच फोल्डर जोडलं होतं. जोह्यात फोटो टाकला की रोह्यात दिसायचा. येईल त्या गिऱ्हाइकाला तो हा चमत्कार दाखवायचा, आणि गिऱ्हाईक बिचारं मूर्ती कधी मिळेल एवढंच विचारायचं.

त्या फोल्डरमध्ये नम्रताचा जीव होता. वर्षभर मान मोडून डोळे काढायचे आणि भाद्रपदात ते सगळे पाण्यात जायचे. मागे उरायचे ते फोटो. मूर्ती हलायच्या आधी ती एकेक चेहरा फोनवर जवळून टिपायची, फोल्डरात टाकायची आणि फोन पुढच्या मूर्तीसाठी मोकळा करायची. यंदा रोह्याच्या एका संस्थेला मुलींना आखणी शिकवायला बाई हवी होती, आणि सोमवारी कामाचे फोटो घेऊन या, असं त्यांनी नम्रताला कळवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी तिला तिच्या नावाने बोलावलं होतं.

शनिवारी रोह्याच्या कॉम्प्युटरवर जागा संपल्याचा निरोप झळकला. हरेशने डोकं चालवलं. त्याने डोकं चालवलं की नम्रता आधी त्याच्या हातातला माऊस काढून घ्यायची, पण त्या दिवशी ती जोह्यात होती. फोटो तीन ठिकाणी आहेत, इथले उडवले तरी दोन ठिकाणी राहतील, असा विचार करून शहाण्याने अख्खं फोल्डर उडवलं. वर इंटरनेटवरच्या खात्यात जाऊन तिथली कचरापेटीही साफ केली. घाण त्याला खपत नाही, स्वतःचं जेवलेलं ताट तेवढं सोडून.

संध्याकाळी नम्रताने फोल्डर उघडलं तर आत काहीच नाही. तिने लगेच फोन लावला.

“अवो, फोटो कुठं गेले?”

“इथले उडवले मी. पेणला बघ ना गो. तीन-तीन कॉम्प्युटर हायेत आपले!”

तिने पेणच्या ऑफिसात फोन करून विचारलं, तर तिथेही रिकामंच होतं. रोह्यात शेजारच्या दुकानातल्या लतीफने कपाळावर हात मारला. “शेठ, तिन्ही तुम्हीच जोडलेत ना? एकातून काढलं की सगळ्यांतून जातं. कचराही साफ केलात, आता काय नाय मिळायचं.” लतीफला यातलं काही कळत नाही, असं ठरवून हरेश घरी आला आणि पोटभर जेवला.

नम्रताला रडू आलं नाही, संताप आला. नवऱ्याशी भांडण्यात वेळ घालवणं परवडणारं नव्हतं. तिने गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, “आमच्याकडून नेलेल्या गणपतीचे जुने फोटो असतील तर पाठवा.” मूर्ती नेताना प्रत्येक घर कारखान्याच्या दारात फोटो काढतंच. रविवारी पेण, रोहा, खांब अशा सगळ्या गावांतून फोटो आले. प्रत्येकात मूर्ती, मूर्तीला खेटून हरेश, आणि हरेशचे दात. वर्षं बदलली तसे शर्ट बदलले, एवढंच. नम्रता एकातही नव्हती. ती तेव्हा आत पुढच्या मूर्तीचे डोळे काढत असायची.

ती दिवसभर बसली आणि तिने एकेका फोटोतून हरेशला कापून काढलं. इतकं मन लावून तिने कित्येक दिवसांत कुठलं काम केलं नव्हतं. काही ठिकाणी मात्र तो इतका चिकटला होता की त्याचा कान राहिलाच.

सोमवारी संस्थेच्या बाईंनी सगळे डोळे निरखून पाहिले. मग त्यांनी हसू दाबत विचारलं, “हा कान कुणाचा?”

“आमचे मूर्तिकार हायेत ते,” नम्रता म्हणाली. काम तिला मिळालं.

रात्री हरेश खुशीत होता. “बघ, शेवटी माझेच फोटो कामाला आले! टाक ते फोल्डरात, तिन्हीकडे दिसतील.”

“टाकलेत. माझ्या नावाचं नवीन खातं काढलंय.”

“मंग पासवर्ड दे ना.”

नम्रताने त्याचं खरकटं ताट त्याच्याच पुढ्यात सरकवलं.

“तुमच्यासाठी जागा नाय त्यात,” ती म्हणाली.