एक नंबर, एक माणूस

प्रज्ञा बिऱ्हाडेला फार गर्व आहे, असं जळगावच्या त्या रक्तपेढीतले काही लोक म्हणतात. खरंच आहे. का नसावा? पारोळ्याच्या बाजार समितीत पोती वाहणाऱ्या यादव बिऱ्हाडेंची ही लेक बीसीए झाली, जळगावात नोकरीला लागली, आणि ज्या कामापायी पेढीतल्या बायकांचे रोज घसे बसायचे ते काम तिने एका प्रोग्रॅमच्या गळ्यात घातलं. एवढं केल्यावर माणसाने मान जरा ताठ ठेवली, तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

काम साधं होतं, पण न संपणारं. पेढीच्या डेटाबेसमध्ये जिल्हाभरच्या रक्तदात्यांची माहिती असते: नाव, गाव, रक्तगट, फोन आणि शेवटचं रक्तदान कधी केलं ते. कोणत्या गटाचा साठा उतरलाय आणि त्या गटातलं कोण तीन-चार महिने उलटून पुन्हा रक्त द्यायला मोकळं झालंय, हे त्यातून शोधायचं आणि एकेकाला फोन लावत बसायचं. प्रज्ञाने हाच प्रश्न संगणकाला कळेल अशा भाषेत लिहिला. त्याला क्वेरी म्हणतात. मग अशा क्वेरी आपोआप चालवणारं एक फुकटातलं टूल तिने खोलीवर बसून शिकून घेतलं. आता सकाळी पेढीचं कुलूप निघायच्या आत ते टूल डेटाबेसला प्रश्न विचारतं, नावं काढतं आणि मेसेज पाठवून मोकळं होतं. लॅबमधल्या कोकिळाताईंनी त्याचं बारसं करून टाकलं: सुपडू. "सुपडू उठला का गं?" असं त्या आल्या आल्या विचारायच्या आणि प्रज्ञा पोटच्या लेकराचं कौतुक सांगावं तशी सांगायची, "केव्हाच! कामालासुद्धा लागला."

सुपडूने सुरुवातीला एक घोळ घातला होता. शिबिरात माहिती भरणारी मंडळी घाईत असतात. एकच माणूस दरवर्षी नव्याने नोंदला जायचा आणि सुपडू त्याला तितके मेसेज धाडायचा. एका खेड्यातल्या दात्याने तर फोन करून अहिराणीत पेढी डोक्यावर घेतली होती, "एकच मानूस शे ना मी, का कितला येळा रगत काढतस मनं?" प्रज्ञाने त्याच दुपारी क्वेरीत एक ओळ वाढवली. एक नंबर, एक माणूस. तोच नंबर पुन्हा दिसला तर सर्वांत ताजी नोंद तेवढी ठेवायची, बाकीच्या सोडून द्यायच्या. तक्रारी बंद झाल्या, पेढीच्या डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, कोकिळाताईंनी पेढे आणले. प्रज्ञाला अख्ख्या सुपडूपेक्षा त्या एका ओळीचा अभिमान जास्त होता.

फेब्रुवारीत भिकन आला. धुळ्याजवळच्या एका खेड्यात त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान. त्याच्या सहा वर्षांच्या लेकीच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. दोन पायऱ्या चढली की पोरीचे ओठ निळे पडायचे. जळगावच्या एका दवाखान्यात तिचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. ते करणारे सर्जन मुंबईहून महिन्यातून एकदाच यायचे. पोरीचा रक्तगट ओ निगेटिव्ह, म्हणजे शोधून शोधून दमावं असा. चार पिशव्या तयार असल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते, आणि पोरीला आणखी महिनाभर थांबवायला ते राजी नव्हते.

मंगळवारी सकाळी प्रज्ञाने सुपडूला कामाला लावलं. उत्तरात दोन नावं आली. त्यातला एक कामाधंद्यासाठी सुरतेला निघून गेलेला. दुसरा येतो म्हणाला. नाशिकला विचारलं, तिथेही हीच बोंब.

"अख्ख्या जिल्ह्यात एवढेच?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"एवढेच, सर. सुपडू चुकत नाही," प्रज्ञा म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली. दारात भिकन उभा होता. त्याने ते ऐकलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसला.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला. तेवढ्यात फोन वाजला. पारोळ्याहून आई, पार्वताबाई. आईचा आवाज चढलेला होता.

"काय व प्रज्ञा, तुना त्या सुपडूले मी दिसत नही का?"

"आता काय झालं, आई?"

"आज परत तुना बापले मेसेज उना, रगत द्याले या म्हनीसन. जयंतीना शिबिरमा आम्ही बठ्ठा देतस. मी देस, तुना भाऊ प्रशील देस. मेसेज मात्र एकटा तुना बापले! मनं रगत काय पानी शे?"

प्रज्ञाला आधी हसू आलं. आईला मेसेज हवा होता. गल्लीतल्या बायकांना दाखवायला हवा असणार. "अगं आई, तुम्हा सगळ्यांचा नंबर एकच ना, बाबांचा, म्हणून..." एवढं बोलली आणि आपणच काय बोललो ते तिला ऐकू आलं.

आपल्याकडे घराला नंबर असतो, माणसाला नाही. बापाचा नाहीतर थोरल्या भावाचा. शाळेत तोच, दवाखान्यात तोच, रेशनला तोच. आता पोरापोरांच्या खिशात फोन आले, तरी कोणी नंबर विचारला की तोंडातून घरचाच निघतो. प्रज्ञाला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. कॉलेजात असताना तिनेही बाबांचाच नंबर दिला होता. पण खुर्चीत बसून ती ओळ लिहिताना पारोळ्याचं घर काही तिच्या डोळ्यांपुढे आलं नव्हतं.

एक नंबर, एक माणूस. म्हणजे घरातून एक निवडला आणि बाकीचे पुसले. मेसेज बाबांनाच जायचा, म्हणून रक्त बाबाच द्यायचे, म्हणून ताजी नोंद बाबांचीच, म्हणून पुढचा मेसेजही बाबांनाच. आणि दुर्मिळ गट तर घराण्यात चालत येतात. ज्या घरात एक ओ निगेटिव्ह, त्याच घरात दुसरा सापडायचा संभव सगळ्यात जास्त, आणि नेमका तोच दुसरा तिने पुसून टाकला होता.

गुपचूप दुरुस्ती करून "सर, आणखी नावं सापडली" म्हणाली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. ती उठली आणि तडक डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेली. भिकनलाही तिने आत बोलावलं.

"सर, सकाळी मी म्हणाले ते खोटं ठरलं. सुपडूला मी सांगितलं तसंच तो वागला. मीच चुकीचं सांगितलं होतं." मग तिने घरच्या नंबराची सगळी कहाणी सांगितली. गर्विष्ठ माणसाला हे किती जड जातं ते गर्विष्ठांनाच ठाऊक. तिचे कान तापले होते, पण एक शब्द तिने गिळला नाही.

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "बोलणी नंतर खा," ते म्हणाले. "आधी क्वेरी चालव."

तिने ती ओळ खोडली. नंबराबरोबर नाव आणि जन्मसालही जुळलं तरच एक माणूस धरायचा, असं लिहिलं. एंटर दाबलं. कोकिळाताई मागे उभ्या होत्या, भिकन दाराला धरून.

एरंडोल तालुक्यातलं एक घर वर आलं. एका नंबरावर चार भाऊ, चौघेही ओ निगेटिव्ह. थोरला अमृत मागच्याच महिन्यात रक्त देऊन गेलेला, म्हणून सगळं घरच मोकळं नाही असं सुपडू धरून चालला होता. धाकटे तिघे गणपतीतल्या शिबिरानंतर कोणाला आठवलेच नव्हते.

प्रज्ञाने फोन लावला. वडिलांनी उचलला, रुपचंद नाना. तिने सगळं सांगितलं.

"हाव ताई, चारी पोरं मनाच शेतस," नाना म्हणाले. "मांगला महिनामा अमृतनी दिधं. बाकीना तिघे आठेच घरमा शेतस. इतला दिन त्यासले कोन्ही इचारंच नही. कितला जोयजेत?"

"तिघं हवेत, नाना."

"तिघासले धाडस ना मंग."

संध्याकाळच्या आत तिघे भाऊ एका मोटारसायकलवरून आले. तिघांनी आपली कापसाची कामं अर्धी टाकली होती. धाकट्याने त्याची नाही, अमृतची तक्रार केली, की मेसेज दाखवून दाखवून तो आम्हाला फार हिणवतो. कोकिळाताईंनी तिघांना चहा-बिस्किटं दिली आणि बाहेर येऊन डोळे पुसले. भिकन मोटारसायकलच्या चाकातली हवा दाबून पाहत बसला आणि मागच्या चाकात हवा कमी आहे म्हणून ती भरूनच त्याने त्यांना जाऊ दिलं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यात भिकनची पोरगी पेढीच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून आली. कोकिळाताईंनी सगळ्यात आधी तिचे ओठ पाहिले. गुलाबी होते.

सुपडू आता प्रत्येकाला त्याच्या नावाने बोलावतो. त्यामुळे एका सकाळी यादव बिऱ्हाडेंचा फोन ओळीने वाजला. एक मेसेज प्रशीलच्या नावाचा होता, एक पार्वताबाई यादव बिऱ्हाडे यांच्या. पार्वताबाईंनी तो प्रशीलकडून वाचून घेतला, मग शेजारणीला बोलावून पुन्हा वाचायला लावला. त्यांच्या नावाने आजवर घरात काही आलं नव्हतं. लग्नाआधी त्या कोणाच्या लेक होत्या, लग्नानंतर यादवची बायको झाल्या, मग प्रशीलची आई.

जयंतीची पांढरी साडी नेसून त्या एसटीने जळगावला आल्या. लेकीला सांगितलंही नाही. खिडकीपाशी बसलेल्या नव्या मुलीने विचारलं, "मावशी, मोबाईल नंबर?"

पार्वताबाईंनी नवऱ्याचा नंबर घडाघडा सांगितला.

मुलीने पडद्यावर पाहिलं. "हा तर यादव बिऱ्हाडेंचा आहे."

"नंबर त्यासना शे," पार्वताबाई म्हणाल्या आणि दंडावरची बाही वर सारली. "रगत मनं शे. नाव लिख, पार्वताबाई."

आवाज ओळखून प्रज्ञा आतून धावत आली. बाकांवर बरीच माणसं बसली होती. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही पार्वताबाई. माझी आई."