लिलावातली रिकामी रवळी

त्या वर्षी कापणीच्या सणाला देवाला काहीएक द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आमच्या चर्चच्या मंडळीत भातकापणी झाली की एका रविवारी जो तो आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं फळ वेदीपाशी आणून ठेवतो. नारळ, सुरण, भोपळे, नवे तांदूळ, पाय बांधलेला एखादा कोंबडाही. उपासना संपली की आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि शेजारपाजारचे हिंदू-मुसलमानही त्याला हौसेने येतात. लग्न होऊन रत्नागिरीत आल्यापासून मी हा सण कधी चुकवला नव्हता. पण पाऊस सरता सरता ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि माझं देवाशी बिनसलं.

ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, आयुष्यभर बंदरावर लाँचची इंजिनं दुरुस्त केली. उजवा हात इतका तयार की डोळे मिटून नट बसवतील. तोच हात गेला. बोलणं जड झालं, पण शुद्ध नीट होती, गिळताही येत होतं. तरी जेवेनात. मी घास पुढे केला की तोंड मिटून भिंतीकडे बघायचे. डाव्या हाताने खा म्हटलं तर असे बघायचे की मीच काही घाण बोलले. डावा हात ताटात गेला की लहानपणी त्यांच्या आईचा फटका बसायचा, ते हाडीमाशी खिळलेलं. चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर घेऊन घरी आले, तेव्हाही ह्यांनी मान फिरवली. आमच्याकडे ती भाकर उजव्या तळहातावर घेतात आणि तो तळहात आता उघडत नव्हता. माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले, त्यावर हे फक्त "नको" म्हणाले. ते नको नुसतं नळीला नव्हतं, हे मला कळलं.

भेटायला येणारे म्हणत, देव परीक्षा बघतो, धीर धर. एका बाईंनी तर विचारलं, घरच्या प्रार्थनेत कुठे खंड पडला होता का, आठवून बघ. मी मुळातच फटकळ. त्यांना चहा न विचारता वाटेला लावलं. मग स्वयंपाकघरात उभी राहून देवालाही ऐकवलं, की तुझं प्रेम अढळ आहे म्हणून मी जन्मभर गात आले, आता ते दाखव. तोवर मी तुझ्यापुढे गुडघे टेकणार नाही. राग नुसता तोंडातच नव्हता, अंगभर होता. त्या रागातच मी सणाच्या दिवशी खुंटीवरची रवळी काढली. तांदूळ धुवायची, बांबूची, घट्ट विणीची. ती तशीच रिकामी हातात घेऊन मी अर्पणाच्या गीताला सगळ्यांबरोबर पुढे गेले आणि सुरण नि नारळांच्या मधोमध ठेवून आले. ह्या साली तू मला जे दिलंस, ते हे घे, असं माझं म्हणणं होतं.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्या अर्पणांवर हात धरून प्रार्थना केली. रवळी बाजूला सारली नाही. लिलाव पुकारणाऱ्या काकांना मात्र अवघडल्यासारखं झालं. त्यांनी ती हळूच भोपळ्यांच्या मागे सरकवली. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "ओ, ती रवली दाखवा की. लपवताव कशाला?"

ही पूर्णगडची कोळीण. दरवर्षी लिलावाला यायची म्हणे, पण माझी तिची ओळख नव्हती. तिने रवळी उजेडात धरली, वीण तपासली, बूड ठोकून पाहिलं. रवळीतून अर्पण आणतात, रिकामी रवळी हे अर्पण नसतं, हे तिच्या गावीही नव्हतं. तिने बोली लावली, दुसरं कोणी बोलेना, आणि माझं देवाशी असलेलं भांडण त्या बाईने चांगल्या विणीचं म्हणून विकत घेतलं. मंडळीतले काहीजण हसले. मला रडू येत होतं आणि तिचा रागही.

मी तिला गाठून म्हटलं, "ती विकायला नव्हती. देवाला दाखवायला आणली होती."

"दाखवलीस ना? मग झाला तर," ती म्हणाली. "त्याचा तो बघंल. रवली तांदूळ धुवायला असते गो बाय."

तिच्या गाडीला वेळ होता. लिलावात घेतलेले उकडे तांदूळ नि नारळ सावलीत ठेवायला जागा हवी होती आणि आमचं घर चर्चच्या कुंपणाला लागून. नको म्हणण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. घरी आल्यावर तिने खाटेवरच्या ह्यांच्याकडे एक नजर टाकली. काय झालं, कधी झालं, काहीच विचारलं नाही. भूक लागली म्हणाली, आपलेच तांदूळ नव्या रवळीत धुतले आणि माझ्याच चुलीवर पेज ठेवली. पेज झाल्यावर तिने एक वाडगा ह्यांच्या डाव्या अंगाला स्टुलावर ठेवला, त्यात चमचा टाकला.

"भावा, गरम हाय, सांभालून," एवढं म्हणून तिने ह्यांच्याकडे पाठ केली आणि मला सांगत बसली. "माझ्या घोवाचा उजवा हात जालं ओढायच्या रहाटात गेला. डाव्यान जेवतो, डाव्यान जालं शिवतो. सासू म्हनायची, अपशकुन. मी म्हटलं, तुमी बघू नका."

मागे चमचा वाजला. मी वळणार, तशी तिने माझा दंड धरला. "बघू नको," ती हळूच म्हणाली. मी भिंतीवरच्या क्रूसाकडे बघत उभी राहिले. पेज सांडल्याचा आवाज आला, मग ठसका, मग पुन्हा चमचा. माझ्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. जाताना ती रवळी घेऊन गेली, दिली नाही. तिची होती ती.

ही कृपा होती की नुसता योगायोग, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. ह्यांचा उजवा हात अजून तसाच आहे आणि त्याबद्दल मी देवाला रोज जाब विचारते. पूर्वी वाटायचं, शरण जायचं म्हणजे तोंड मिटून सोसायचं. पण तोंड मिटून तर हे बसले होते आणि मरणाला टेकले होते. मी रागाने जे नेलं, तेही देवाने परत फेकलं नाही. माझा राग ज्याने एवढा सोसला, त्याच्यावर आता मी भार टाकू शकते. भांडतेही त्याच्याशीच. दुसऱ्या कोणाकडे जाऊ?

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मी ह्यांना खुर्चीवर बसवून चर्चमध्ये नेलं. पाळकसाहेब भाकर घेऊन समोर आले. ह्यांचा डावा हात मांडीवरून उठला, अर्ध्यावर थांबला. मागच्या बाकावर कोणीतरी चुकचुकलं. प्रार्थनेत खंड पडला का म्हणून विचारणाऱ्या त्याच बाई असाव्यात. मी खुर्चीशेजारी गुडघे टेकले, माझा धडधाकट उजवा हात पाठीमागे नेला आणि ह्यांच्या हाताला लागून डावा तळहात पुढे केला.