नरसम्माला ऐकू येतं

तहसीलच्या पायरीवर अर्ज लिहायला बसणाऱ्याला किस्से आठवावे लागत नाहीत. एक संपेस्तोवर दुसरा समोर येऊन टेकतो. आमचा तालुका तेलंगणाच्या सीमेवरचा. आई पलीकडची, म्हणून अर्जासोबत तेलुगूचं मराठीही मीच करून देतो.

लोकांना योजना आपापल्या भाषेत कळाव्यात म्हणून फलक आले. आमचे तेलुगू फलक गेले लातूरकडं, निलंग्याच्या बाजूला. त्यांचे कन्नड आले आमच्याकडं. मी म्हणालो, "साहेब, हे कन्नड हाय."

"लावून टाका हो! आजच फोटो पाठवायचाय."

मग परिपत्रक आलं: सोप्या भाषेत लिहा. ते समजावून सांगायला नांदेडहून अधिकारी आले!

नरसम्मा सीमेवरच्या वाडीतली. विधवा, एकटी, तेलुगूशिवाय काही येत नाही. तिची चूल निराधार योजनेवर. आमच्याकडं त्या पैशाला पगारच म्हणतात. तो बंद पडला म्हणून ती विचारायला आली, तेव्हा मी नेमका कंधारला लग्नाला गेलेलो. खिडकीवरचे लिपिक बाबूभाऊ आधी हळू बोलले, मग मोठ्यानं, मग ओरडले. नरसम्मा नुसती बघत राहिली. भाऊंना दया आली. त्यांनी शेरा मारला: ऐकू येत नाही, दिव्यांगमधून प्रकरण करावे.

मी आल्यावर म्हणालो, "भाऊ, तिला ऐकू येतं. मराठी येत न्हाई."

"मराठी न येण्यावर योजना हाय का? बहिऱ्यावर हाय! गप ऱ्हा."

मी तिला तपासणीला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. मला दारातच थांबवलं. आत तिच्या कानाला यंत्र लावून डॉक्टर मॅडम मराठीत म्हणाल्या, "आवाज आला की बोट वर करा." नरसम्मानं बोट उचललंच नाही. पूर्ण बहिरी! बाहेर येऊन मला म्हणाली, "आत पाखरावानी छान वाजत होतं."

प्रकरण रखडलं, तेव्हा मी हेल्पलाइन लावून दिली. तेलुगूत रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला. नरसम्मानं पदर सावरला अन् नवरा गेला तिथपासून सगळं सांगितलं. फोन कटला.

"काय म्हणाली?"

"तेच तेच विचारती. पण वरडत न्हाई बिचारी."

शेवटी प्रकरण मंजुरीला लागलं. त्याच वेळी बोगस बहिरे शोधायला वरून पथक आलं. मी नरसम्माला बजावलं, "नाव घेतलं तरी उठायचं न्हाई. मी हात धरून नेतो." तिनं मान डोलावली.

सकाळपासून कचेरीच्या अंगणात माइकवर मराठीत सूचना चालू होत्या. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ऊन अंगावर आलं. मी तिच्यासाठी पाणी आणायला उठलो, तेवढ्यात माइकवर पुकारा झाला, "नरसम्मा!"

"वस्तुन्ना अय्या!" गर्दीतून तिचा खणखणीत आवाज आला, आलेच म्हणून. अन् ती लगबगीनं टेबलाकडं निघाली.

पथकाच्या साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत कचेरीनं मला पहिल्यांदाच विचारलं,

"तुम्हाला तेलुगू येतं ना? काय म्हणाली ही? सांगा मराठीत!"