भिंतीवरचे दोडके

आमच्या गावात पोस्ट आणि तलाठी कार्यालय यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. पोस्टमास्तरबाईंनी लावलेला दोडक्याचा वेल ती ओलांडून पलीकडे, तलाठ्यांच्या अंगणात लगडलाय.

राज्यघटनेनं टपाल दिल्लीला दिलं, जमीन मुंबईला. दोडक्यांचं तेवढं लिहायचं राहिलं. त्यामुळे बाई रोज भांडतात, "मुळं केंद्राची आणि फळं राज्याची, हा कुठला न्याय?" तलाठी हसत दोन दोडके भिंतीवर ठेवतात. मला हे भांडण फार आवडतं.

आज बाई रजेवर होत्या. पाहतो तर तलाठी भिंतीवरून ओणवे होऊन तांब्यानं वेलाच्या मुळाशी पाणी घालतायत.

"भाऊसाहेब, ते खातं केंद्राचं!" मी ओरडलो.

"केंद्र रजेवर गेलं," ते म्हणाले, "म्हणून राज्यानं वेल वाळू द्यायचा का?"